वेलीवरचं अर्धं पान

इथले गूढ अनुभव मी बरेच दिवस फक्त वाचत आले. लिहायची वेळ माझ्यावर येईल असं कधी वाटलं नव्हतं... कारण माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. 'नव्हता' असं म्हणत नाहीये — नाही. आमचं घर बौद्ध. नवस, अंगारा, दृष्ट काढणं, दाराला लिंबू-मिरची, यातलं काहीच आमच्याकडे होत नाही. लहानपणी एकदा मी चिंचेच्या झाडाला घाबरून रडले, तर पप्पांनी मला कडेवर घेऊन त्याच झाडाखाली नेलं, बुंध्याला हात लावायला लावला आणि म्हणाले, "बघ. झाड आहे. चिंचा येतात. बस." त्यामुळे हे वाचून कुणी "भूत होतं का?" असं विचारलं तर उत्तर 'नाही' असंच आहे. भीती तर अजिबात वाटली नाही. उलट... पण ते पुढे येईलच.

मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात टी.वाय.बी.ए.ला आहे, इतिहास घेऊन. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून लिहिताना जरा बिचकते. काही चुकलं तर सांभाळून घ्या. आम्ही मोरिवलीला राहतो, एमआयडीसीला अगदी लागून. पप्पा केमिकल कंपनीत ऑपरेटर आहेत, आई औषधांच्या कंपनीत पॅकिंगला जाते.

आणि शाळा अंबरनाथ पश्चिमेला. सिस्टर लोकांची, फक्त मुलींची. नाव लिहीत नाही, कारण तशी परवानगी घेतलेली नाही. दगडी जोतं, लांबच लांब व्हरांडा, मैदानात बदामाचं झाड आणि एका टोकाला छोटंसं चॅपेल. ख्रिश्चन मुली प्रत्येक वर्गात चार-पाचच. बाकी आम्ही सगळ्या मराठी, सिंधी, थोड्या दाक्षिणात्य. मी तिथे मराठी माध्यमात दहावीपर्यंत शिकले. माझ्याआधी आईसुद्धा तिथेच होती. नववीपर्यंत.

आता वेलीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

आमच्या शाळेत एक लांब पांढरं कापड आहे. पूर्ण उलगडलं तर हॉलच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जातं. त्यावर भरतकामाची एक वेल आहे आणि वेलीला पानं. प्रत्येक मुलीचं एक पान. नववीत शिवणाच्या तासाला पान घ्यायचं आणि दहावीच्या सेंडऑफपर्यंत पुरं करायचं. नाव घालायचं नाही. आपलं पान आपल्याला ओळखता येतंच, असं सिस्टर म्हणायच्या. आपलं पान झालं की पेन्सिलीने त्याच्या पुढचं पान आपणच आखायचं, आपल्यामागून येणाऱ्या मुलीसाठी. आणि सगळ्यात कडक नियम — दुसऱ्या मुलीचं पान कुणीही भरायचं नाही. ती आजारी असो, तिला जमत नसो, काही असो. जिचं पान तिनेच.

आईचं पान अर्धं राहिलं होतं.

ती नववीत असताना आजोबांची कंपनी बंद पडली. आई घरात थोरली, पाठीवर तीन भावंडं. शाळा सुटली आणि ती एका गाळ्यात खोकी चिकटवायच्या कामाला लागली. हे ती कधी रडून सांगत नाही. पण आमच्या घरात काहीही अर्धवट राहिलं — भिंतीचा रंग, पप्पांचं ड्रायव्हिंग लायसन्स — की आई म्हणते, "राहू दे, माझ्या पानासारखं." आम्ही हसतो. तीही हसते. त्या हसण्यात काही असेल असं मला बरेच दिवस वाटलंच नव्हतं.

माझं तर पानच नाही. आम्ही पान घेणार तेवढ्यात लॉकडाऊन लागला, दहावी सगळी मोबाइलवर झाली आणि शाळा उघडली तेव्हा शिवणाचा तास टाइमटेबलमधून गेलेला होता. त्या खोलीत आता कॉम्प्युटर आहेत. आमच्या बॅचपाशी वेल थांबली ती थांबलीच.

यंदा शाळेचा अमृतमहोत्सव. हेडमिस्ट्रेस सिस्टर ग्लॅडिस यांनी मला बोलावून घेतलं. त्या केरळच्या, मराठी हिंदीत मिसळून बोलतात. म्हणाल्या, "प्रज्ञा, तू हिस्ट्री करती है ना? मग शाळेची हिस्ट्री तूच लिही. मोठे बोर्ड लावू हॉलमध्ये. फोटो पण पाहिजे."

मला इतका आनंद झाला की मी नीट 'हो' पण म्हटलं नाही, नुसती मान हलवत राहिले.

दोन महिने मी जुन्या बाईंना, माजी विद्यार्थिनींना भेटत होते. कळलं ते असं की शाळा मुळात शाळा नव्हतीच. फाळणीनंतर उल्हासनगरच्या कॅम्पात जी सिंधी कुटुंबं आली, त्यातल्या बायकांना हाताला काम मिळावं म्हणून तीन सिस्टरांनी पत्र्याच्या शेडमध्ये शिवणाचा वर्ग काढला. बायका आपल्या लहान मुलींना बरोबर आणायच्या. मुली चिंध्यांशी खेळत बसायच्या, म्हणून एका सिस्टरने त्यांना पाटीवर अक्षरं शिकवायला घेतली. पुढे मुली वाढल्या, बायका कमी झाल्या आणि शिवणवर्गाची शाळा झाली. वेलीचं पहिलं पान म्हणे त्याच बायकांपैकी एकीने भरलं. ते पान बाकीच्यांपेक्षा वेगळं आहे, अगदी बारीक टाक्यांचं, मधे आरशाचा एक तुकडा बसवलेला. म्हणजे आमच्या शाळेचा इतिहास शोधायचा तर कागदांआधी कापडाकडे जावं लागतं. हे मी बोर्डवर लिहिलंसुद्धा आणि आमच्या कॉलेजच्या सरांना ते आवडलं.

वेलीचे फोटो काढायला सिस्टर ग्लॅडिसनी त्यांच्या खोलीतली पत्र्याची पेटी उघडली. किल्ली त्यांच्या कमरेच्या जुडग्यात असते. आम्ही दोघींनी दोन टोकांना धरून कापड हॉलमध्ये पसरलं. मी मोबाइलवर एकेका हाताच्या अंतराने फोटो घेत गेले... आणि मधेच थांबले.

एक फांदी मुख्य वेलीतून वर निघाली होती आणि एका अर्ध्या पानाशी संपली होती. मधल्या शिरेच्या एका बाजूला हिरवे तिरके टाके. दुसऱ्या बाजूला नुसती पेन्सिलीची रेघ, तीही पुसट. आणि टाक्यांचा कल उलटा होता. म्हणजे बाकीची सगळी पानं एका बाजूने वारा सुटल्यासारखी झुकलेली आणि हे एकटं दुसरीकडे.

माझी आई डावखुरी आहे.

मी सिस्टर ग्लॅडिसना सांगितलं. त्या खाली बसल्या, चष्मा वर केला आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तर मम्मीला आण ना. पूर्ण करू दे. अभी क्या हो गया?"

अमृतमहोत्सवाच्या दिवशी वेल स्टेजवर पसरणार होते आणि प्रत्येक माजी विद्यार्थिनीने येऊन आपल्या पानावर हात ठेवायचा, असा कार्यक्रम ठरला होता. मी घरी जाऊन आईला हे सगळं एका दमात सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती.

"मी नाही येणार," ती म्हणाली.

"का?"

"अगं, माजी विद्यार्थिनींचं आहे ना ते? मी कुठे पास झाले?"

"असं काही नसतं गं आई."

"असतं. सगळ्या आपापल्या पानावर हात ठेवतील आणि मी काय, अर्ध्या पानावर अर्धा हात ठेवू?"

पप्पा बाहेरच्या खोलीतून ओरडले, "चार बोटं ठेव. अंगठा घरी ठेवून जा."

"तुम्ही गप बसा हो. तुमचं लायसन्स आलं का आधी?"

मी हसले, पण मला आतून वाईट वाटत होतं. दोन महिने मी शाळेचा इतिहास लिहीत होते, आणि माझ्याच आईला वाटत होतं की त्या इतिहासात ती नाही. मी मोबाइल काढला आणि फोटो तिच्यासमोर धरला. तिने पिठाचा हात पदराला पुसला, फोटो मोठा केला. तव्यावरची भाकरी करपली, ती मीच उलटली.

"गाठ असेल मागे," ती म्हणाली.

"कसली?"

"दोऱ्याची. सिस्टर बेनितांना चालायची नाही. मागून बघितलं तरी समोरच्यासारखं साफ पाहिजे, असं म्हणायच्या. मी गाठ मारायची, त्या उसवायच्या. दोऱ्याचं टोक टाक्यांखाली कसं लपवायचं ते पुढच्या तासाला दाखवते म्हणाल्या होत्या." मग भाकरी थापायला घेत म्हणाली, "पुढच्या तासाला मी नव्हतेच."

सिस्टर बेनिता म्हणजे आईच्या वेळच्या शिवणाच्या सिस्टर. वसईकडच्या. त्या काळी डाव्या हाताने काही केलं की मुलींना पट्टी बसायची. पण सिस्टर बेनितांनी आईला कधी मारलं नाही. बाकीच्या मुलींच्या शेजारी बसून त्या शिकवायच्या, आईच्या मात्र बरोबर समोर बसायच्या. "आरशात बघतेस असं समज," म्हणायच्या. त्यांचा उजवा हात जाईल तिकडे आईचा डावा. आई भरतकाम शिकली ती अशी.

दोन दिवस गेले आणि तिसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर आईने उशीचा एक जुना अभ्रा काढला. म्हणाली, "हात बसतो का बघते. बसला तर येईन. नाही बसला तर नाव काढू नकोस."

मग रोज संध्याकाळी ती बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून अभ्र्यावर पान भरायची. एक गोष्ट मी तेव्हाच पाहिली होती. ती बसताना दुसरी प्लास्टिकची खुर्ची ओढून बरोबर आपल्यासमोर ठेवायची. रिकामी.

"कोण येणार आहे?" पप्पांनी विचारलं.

"कुणी नाही. समोर काही नसलं की हात चालत नाही माझा. सवय."

पप्पांनी त्या खुर्चीवर बसून बघितलं. दोन मिनिटांत आई म्हणाली, "उठा, तुमच्यामुळे टाका वाकडा गेला." ते उठले.

तिचा हात बसला. पहिलं पान वांग्यासारखं झालं, दुसरं बरं, आणि आठवड्याच्या शेवटी अभ्र्यावर एक छान उलट्या कलाचं पान होतं. मागे गाठ होतीच. ती तिला शेवटपर्यंत टाळता आली नाही.

दोरा आणायला मी कॉलेजवरून येताना कॅम्पातल्या एका दुकानात गेले. दुकानदार काका सिंधी. मी त्यांना फोटो दाखवला. त्यांनी मोबाइल उजेडात धरला, लांब नेला, जवळ आणला.

"ना बेटा, ये शेड तो कब का बंद हो गया. इसके बाजूवाला ले जा. कोई नहीं पहचानेगा."

घरी आईने लडी बघितली आणि म्हणाली, "मी ओळखेन ना." नवा हिरवा जरा जास्तच ताजा होता. पण ती येणार होती. मला तेवढं पुष्कळ होतं.

शनिवारी दुपारी आम्ही शाळेत गेलो. आईने ठेवणीतली साडी नेसली होती आणि गेटपाशी तिने माझा दंड धरला तो ऑफिसपर्यंत सोडला नाही. सिस्टर ग्लॅडिसनी पेटी उघडली. कापड पुन्हा पसरलं. मी आईला हाताला धरून त्या फांदीपाशी नेलं आणि खाली बसले. आई उभीच राहिली.

"प्रज्ञा," ती म्हणाली, "हे पूर्ण आहे."

मला वाटलं आपण चुकीच्या पानापाशी आलो. पण तीच फांदी होती. तोच उलटा कल. शिरेच्या दोन्ही बाजूंना टाके, टोकापर्यंत भरलेले. पेन्सिलीची रेघ टाक्यांखाली गेली होती.

मी मोबाइल उघडला. फोटोत अर्धं. कापडावर पूर्ण. मी दोन्ही शेजारी धरले. सिस्टर ग्लॅडिसनी छातीवर क्रॉसची खूण केली आणि मग मला वाटतं त्यांनाच ते आवडलं नाही, कारण लगेच शिक्षकाच्या आवाजात म्हणाल्या, "किसी ने किया होगा. विचारू सगळ्यांना."

मलाही तसंच वाटलं. पप्पांनी चिंचेचं झाड दाखवलं होतं ना, तसं मी नीट बघायचं ठरवलं. कुणीतरी मायेने पूर्ण केलं असेल, तर नवा दोरा दिसेल. दिसला नाही. दोन्ही बाजूंचा हिरवा एकसारखा विटलेला होता. जो शेड आता मिळत नाही, तोच. आणि कापडाच्या घडीची एक पिवळट रेघ त्या पानावरून जात होती. फोटोत ती अर्ध्या टाक्यांवरून आणि अर्ध्या कोऱ्या कापडावरून जाते. आता ती सलग टाक्यांवरून जात होती. म्हणजे टाके त्या घडीइतकेच जुने. हे कसं शक्य आहे, मला आजही माहीत नाही.

आई एव्हाना खाली बसली होती. तिने कापडाची कड हळूच उलटी केली. मागच्या बाजूला, जिथून तिने सुरुवात केली होती तिथे, तिची जाडजूड गाठ. आणि जिथे पान संपलं होतं तिथे... काही नाही. दोऱ्याचं टोक टाक्यांखाली गेलेलं. मागूनही समोरच्यासारखं साफ.

आईने त्या जागेवरून बोट फिरवलं. "असं लपवायचं होय," ती म्हणाली. अगदी शिकणाऱ्या मुलीसारखं.

सिस्टर ग्लॅडिसनी खरोखरच सगळ्यांना विचारलं. बाईंना, ऑफिसात, साफसफाईच्या मावशींना, चॅपेलमध्ये येणाऱ्या बायकांना. कुणीही नाही. किल्ली त्यांच्या कमरेवरून हलली नव्हती. शेवटी आईच म्हणाली, "सिस्टर बेनिता... आहेत का हो?"

होत्या. वसईला, म्हाताऱ्या सिस्टरांच्या घरी. अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली, बोलणं कधी नीट लागतं, कधी नाही. सिस्टर ग्लॅडिसनी तिथे व्हिडिओ कॉल लावला. सांभाळणाऱ्या एक तरुण सिस्टर फोनवर आल्या. त्यांनी मोबाइल पलंगाकडे वळवला. उशीवर एक लहानसा, सुरकुतलेला, हसरा चेहरा.

आई माझ्या मागे सरकली. मीच सांगितलं, "सिस्टर, ही तुमची विद्यार्थिनी. सुनंदा. डाव्या हाताने भरतकाम करायची."

चेहरा स्क्रीनच्या जवळ आला. "डावखुरी?"

"हो सिस्टर," आई म्हणाली. तिचा आवाज मी ओळखला नाही.

"झालं का पान?"

आईने माझ्याकडे बघितलं. मग स्क्रीनकडे. "झालं."

"गाठ मारलीस?"

"सुरुवातीला आहे. शेवटी नाही."

"मग ठीक."

मला राहवलं नाही. मी विचारलं, "सिस्टर, ते तुम्ही पूर्ण केलंत का? कधी?" मला वाटलं, कदाचित पूर्वीच केलं असेल आणि फोटोतच काही गडबड असेल... मी काहीही धरायला तयार होते.

सिस्टर बेनिता चिडल्या. खरंच चिडल्या. "मी? दुसऱ्याचं पान मी कशाला भरेन? हात तिचाच. मी नुसती समोर बसले होते."

मग त्यांना झोप आली. तरुण सिस्टरांनी मोबाइल आपल्याकडे घेतला आणि हळू आवाजात सांगितलं की आजकाल त्यांना जुनं-नवं कळत नाही, तुम्ही मनावर घेऊ नका. आणि मग, सहज बोलल्यासारखं — "गेला आठवडा तर त्यांचा डावा हात सारखा चालायचा. संध्याकाळी-संध्याकाळी. हवेत सुई ओढल्यासारखा. आम्ही म्हटलं, सिस्टर, दमाल. तर म्हणायच्या, मुलगी बसलीय समोर. काल-परवापासून शांत आहेत."

फोन बंद झाला. मला आमच्या बाहेरच्या खोलीतली ती रिकामी खुर्ची आठवली. आईलाही आठवली असणार. येताना रिक्षात तिने माझा दंड धरला नाही. बाहेर बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर... कसं सांगू, पोटभर जेवल्यावर असतं तसं काहीतरी होतं.

पप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी मोबाइलमधला फोटो चारदा बघितला. म्हणाले, "कुणीतरी केलं असेल. कापडच आहे." मग थोड्या वेळाने म्हणाले, "चांगलं केलं पण." त्या संध्याकाळी ती प्लास्टिकची खुर्ची कुणी जागेवरून हलवली नाही. मुद्दाम नाही. नुसती कुणी हलवली नाही.

अमृतमहोत्सव छान झाला. माझ्या बोर्डांपुढे गर्दी होती. एक सिंधी आजी व्हीलचेअरवरून आल्या होत्या, त्यांनी आरशाच्या तुकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "ये मेरी मासी का है." अडीच महिने जी नुसती ऐकीव गोष्ट होती, ती समोर साडी नेसून बसली होती.

आई रांगेत उभी राहिली. तिच्या पुढे एक डॉक्टर होत्या, मागे एक बँकेतल्या मॅडम. मागच्या मॅडमनी विचारलं, "तुमची बॅच कुठली?" आई म्हणाली, "दहावीची नाही हो, मी नववीत सोडली. पण पान आहे माझं." आणि पुढे सरकली. स्टेजवर गेल्यावर तिने पानावर डावा हात ठेवला. पूर्ण. अंगठ्यासकट. खाली पप्पा शिट्टी मारणार होते, मी त्यांचा हात खाली ओढला.

कार्यक्रम संपल्यावर कापड गुंडाळताना आई म्हणाली, "थांब. हे बघ."

तिच्या पानाच्या पुढे, जिथे ती फांदी संपायची, तिथे पेन्सिलीने एक पान आखलेलं होतं. नाजूक, पुसट, पण पूर्ण. मी लगेच मोबाइलमधला पहिल्या दिवशीचा फोटो उघडून बघितला. फोटोत तिथे कोरं कापड आहे.

"तू आखलंस?" मी विचारलं.

"माझ्याकडे पेन्सिल कुठे होती? त्या शनिवारीच पाहिलं मी. तुला नाही सांगितलं."

"का?"

"आपलं पान झाल्यावर पुढचं आखायचं असतं, पुढच्या मुलीसाठी," आई म्हणाली. "मग म्हटलं, पुढची मुलगी कोण ते आधी विचार करू." आणि माझ्याकडे बघून हसली. या हसण्यात काय होतं ते मला लगेच कळलं.

तर आता दर शनिवारी आम्ही शाळेत जातो. सिस्टर ग्लॅडिस पेटी उघडून देतात. कॉम्प्युटरच्या खोलीत आई माझ्यासमोर बसते. मी उजवी, ती डावी. "आरशात बघतेस असं समज," म्हणते. माझे टाके वेडेवाकडे येतात, मी उसवते, ती ओरडते. तो दुकानातून आणलेला नवा हिरवा दोरा मला कामाला आला. जरा जास्तच ताजा दिसतो, पण सिस्टर ग्लॅडिस म्हणतात, नवं पान तसंच असतं. नववीच्या काही मुली डोकावून जातात. दोघी-तिघींनी विचारलंय, आम्हाला पण मिळेल का?

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. आमच्या सरांना दोन्ही फोटो दाखवले, ते म्हणाले इतिहासात पुरावा नसेल तर गप्प राहायचं. पण इथे पुरावा आहे, आणि तरीही मी गप्पच आहे. वसईची ती संध्याकाळ आणि आमच्या घरातली ती खुर्ची या दोन गोष्टी मी एकमेकींना जोडत नाही. जोडण्याचा मला अधिकार आहे असं वाटत नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर सांगा, मी खरंच ऐकेन.

एवढंच सांगते की निघताना कापड पेटीत ठेवलं की आई — आमची आई, जिने आयुष्यात कधी दाराला लिंबू टांगलं नाही — झाकण लावायच्या आधी जरा वाकते आणि आत बघून म्हणते, "हिचं हिला करू द्या हं, सिस्टर."

अजून तरी सिस्टरांनी ऐकलंय. दर शनिवारी पेटी उघडते तेव्हा माझं पान जिथे सोडलं होतं तिथेच असतं.